शिशाची पोकळी

कॅर्दलाच्या छापखान्यात सतरा वर्षं
मी खिळे जुळवले. उलटे, डावीकडून.
पहिल्याच आठवड्यात कळलं,
कागदावरची कोरी जागा कोरी नसते.
तिथेही शिसं असतं, फक्त बुटकं,
शाई पोचू नये इतकं.
पोकळीचं वजन रात्री मनगट सांगायचं.

मग छापखाना विकला. रशियन यंत्र भंगारात गेलं,
आणि फेरीच्या कचेरीनं मला
एक खुर्ची दिली, एक माउस दिला, म्हणाली,
पान बांधा, पडद्यावर दिसेल असं.
मी बांधलं.
टेबल घातलं, टेबलाच्या घरात दुसरं टेबल,
त्याच्या घरात तिसरं,
आणि जिथे काहीच नको होतं तिथे
ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र, ताणून ताणून लांब केलेलं.
माझं बुटकं शिसंच ते. हाताला ओळख पटली.

२००३चा मार्च. समुद्र अजून गोठलेला.
बर्फावरच्या रस्त्यानं गाडी हाकत
केर्तू आली, तालिनहून. वय तेवीस,
बोटं उघडी टाकणारे गुलाबी हातमोजे.
पानाच्या पोटात डोकावून म्हणाली,
"एंदेल, हा मजकूर आहे की कोंबड्यांचं खुराडं?"
मजकूर वेगळा, त्याला नेसवायचं वेगळं, म्हणाली.
इथे नुसतं सांगायचं, हे शीर्षक, हा परिच्छेद.
रंग, रुंदी, समास सगळं दुसऱ्या फायलीत,
स्टाइलशीटमध्ये.
"तिथली एक ओळ बदल, चाळीस पानं कपडे बदलतील."
मी म्हटलं, कपड्यांचं काय घेऊन बसलीस,
हाडं कोण धरणार?

एका दुपारी तिनं करून दाखवलं.
देखणं होतं, खोटं कशाला बोलू.
मग धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत उघडलं.
तिथलं मशीन म्हातारं, ब्राउझर त्याहून म्हातारा.
मेन्यू घसरला आणि बसला
थेट सकाळच्या साडेआठच्या बोटीवर.
बुडाली, मी म्हटलं.
केर्तू हसली नाही.
मला त्या रात्री छान झोप लागली.

गुरुवारी हेल्वे लेपिकचा फोन आला.
पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या,
अख्खं बेट आवाजावरून ओळखायच्या.
दिसत नाही, जन्मापासूनच.
भाच्यानं संगणक दिलाय, मोठ्यानं वाचणारा,
पण तो शिकलाय फिनिश,
एस्टोनियन बोलतो पाहुण्यासारखं.
"ऐका," म्हणाल्या, आणि रिसीव्हर त्याच्यापाशी धरला.

टेबल. सहा स्तंभ. टेबल. स्पेसर डॉट गिफ.
स्पेसर डॉट गिफ. मुख्य. टेबल. स्पेसर डॉट गिफ.
वारा जोराचा असल्यास. स्पेसर डॉट गिफ.
तिकिटांचे. स्पेसर डॉट गिफ. फेरी रद्द. दर.

"हा स्पेसर कोण?" त्यांनी विचारलं.
"परदेशी दिसतो. प्रत्येक बोटीत असतो."

मला सांगता येईना
की तो कुणीच नाही,
मी हातानं नेऊन बसवलेला कुणीच नाही.
छापखान्यातलं बुटकं शिसं
कधी कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

त्या रात्री केर्तूला बोलावलं नाही.
एकट्यानंच खोललं, घरातलं घर काढत,
छपाई झाल्यावर चौकट सैल करून
ज्याचा त्याच्या कप्प्यात खिळा टाकावा तसं.
पहाटे उरलं ते एवढंच.
शीर्षक. सूचना. दर.
आणि एक टेबल.

केर्तूनं त्यावर बोट ठेवलं, "हे राहिलं."
राहू दे, म्हटलं, हे वेळापत्रक आहे.
वार आडवे, बोटी उभ्या.
हे टेबल म्हणूनच जन्माला आलंय.
हेल्वेबाई त्यात मंगळवार धरतात
आणि पायरी पायरीनं खाली उतरतात, कठडा न सोडता.
ती थोडा वेळ गप्प बसली. मग समास तिनं लावले,
माझ्यापेक्षा बरे.

तिकीट-खिडकीत मेन्यू अजून घसरलेलाच आहे.
लेम्बीनं पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय,
साडेआठची बोट आहे. मेन्यूच्या खाली. विचारा.
अक्षर वाकडं, ओळी उताराला लागलेल्या,
चारी बाजूंना कोरा कागद.
मी हात फिरवून पाहिला.
काहीच नव्हतं तिथे.